जुना ऑडिओ इंटरफेस वापरायचाय? मग लॅपटॉप असा निवडा

लॅपटॉप घेताना आपण आधी प्रोसेसर बघतो, मग रॅम, मग किंमत. जुन्या ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइक-गिटार संगणकाला जोडणाऱ्या डब्यावर, घरी रेकॉर्डिंग करायचं असेल तर हा क्रम मोडावा लागतो. गेल्या सहा-सात वर्षांतला मध्यम दर्जाचा कुठलाही लॅपटॉप गाणं, गिटार आणि पंधरा-वीस ट्रॅक सहज पेलतो. घोडं पेंड खातं ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे इंटरफेस आणि विंडोज-मॅक यांची ओळख करून देणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी इंटरफेस हातात घ्या आणि त्याची मागची बाजू बघा.

१. पोर्ट ओळखा

जवळपास चौकोनी, वरचे दोन कोपरे छाटलेलं, प्रिंटरला असतं तसं पोर्ट म्हणजे यूएसबी. एक टोक निमुळतं झालेलं सहा पिनांचं पोर्ट म्हणजे फायरवायर ४००. त्याचाच चार पिनांचा चिमुकला भाऊही असतो. नऊ पिनांचं, चौकोनाकडे झुकणारं पोर्ट म्हणजे फायरवायर ८००. मिनी डिस्प्लेपोर्टसारखं दिसणारं पण शेजारी विजेची खूण असलेलं पोर्ट म्हणजे थंडरबोल्ट १ किंवा २.

यूएसबी १.१ आणि २.० यांतला फरक पोर्टवरून कळत नाही, मॅन्युअलमध्ये बघावा लागतो. १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. त्यामुळे अशा अनेक इंटरफेसवर ९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला एका वेळी एक तर रेकॉर्डिंग होतं नाही तर प्लेबॅक, दोन्ही नाही. तो दोष लॅपटॉपचा नव्हे, ४४.१ किंवा ४८ वर काम करा.

२. ड्रायव्हरची कुंडली काढा

इंटरफेस ‘क्लास कंप्लायंट’ असेल, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालत असेल, तर निम्मी लढाई जिंकलात. तपासायला सोपं आहे: ज्यावर त्याचा ड्रायव्हर कधीच टाकलेला नाही अशा मॅकला किंवा लिनक्सच्या मशीनला तो जोडा. साउंड सेटिंगमध्ये नाव दिसलं आणि इनपुटची पातळी हलली, की झालं. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर २०१७ साली, विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आला. तो चालतो, पण त्यासोबत एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोचवणारी ड्रायव्हरची पद्धत) मिळत नाही. ती उणीव एएसआयओ४ऑलसारख्या प्रोग्रॅमने भरून काढावी लागते.

क्लास कंप्लायंट नसेल तर कंपनीच्या साइटवरचा शेवटचा ड्रायव्हर शोधा आणि डाउनलोड करून जपून ठेवा. अशी पानं एके दिवशी गायब होतात. मग एवढं बघा:

- ड्रायव्हर ६४ बिट आहे का? विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे ३२ बिटचा ड्रायव्हर तिथे निकामी.
- लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा आहे का? स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरवरच्या विंडोजमध्ये जुने प्रोग्रॅम अनुकरणाने चालतात, पण कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारा ड्रायव्हर चालत नाही. इन्स्टॉलर सुरूसुद्धा होतो, म्हणून माणूस फसतो. कंपनीने एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर दिला नसेल तर असा लॅपटॉप कितीही हलका आणि देखणा असो, घेऊ नका.
- विंडोज ११ मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ ड्रायव्हरला अडवतंय का? हे कोअर आयसोलेशनच्या सेटिंगमध्ये सापडतं. ते बंद केल्यावर काही जुने ड्रायव्हर चालू होतात, पण सुरक्षा कमी होते. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार करता तिथे हा उपाय करू नका.

मॅकवर एम-मालिकेच्या चिपसाठी ड्रायव्हर खास त्या चिपकरता बनवलेला लागतो. अ‍ॅपलचं रोझेटा इंटेलसाठीच्या जुन्या प्रोग्रॅमांचं भाषांतर करतं, कर्नल एक्स्टेन्शनचं (कर्नलमध्ये बसणाऱ्या ड्रायव्हरचं) नाही. एक्स्टेन्शन उपलब्ध असलं तरी ते चालवायला रिकव्हरीमध्ये जाऊन सुरक्षेची पातळी एक पायरी खाली आणावी लागते.

३. फायरवायर असेल तर थांबा

यूएसबी-सी चं टोक असलेल्या स्वस्त ‘फायरवायर ते यूएसबी’ केबल सगळीकडे मिळतात. त्यांच्यावर ऑडिओ इंटरफेस चालत नाही. दोन्हींची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे. नुसत्या तारा जुळवून ती बदलत नाही. वर फायरवायरच्या तारेतून यूएसबीपेक्षा बराच जास्त व्होल्टेज येऊ शकतो, म्हणजे पोर्ट जळण्याची भीती आहेच.

खरा मार्ग मॅकवर होता: थंडरबोल्ट ३ ते २ अडॅप्टर, त्यापुढे थंडरबोल्ट ते फायरवायर ८०० अडॅप्टर, मग ८०० ते ४०० ची केबल. ही साखळी मॅकओएस १५ सेक्वोयापर्यंत चालते. २०२५ च्या मॅकओएस २६ टाहोमधून फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. म्हणजे टाहोसह आलेला नवा मॅक बाद. सेक्वोया किंवा त्याआधीची सिस्टिम असलेला वापरलेला मॅक घेऊन अपडेट रोखून धरायचा, एवढंच उरतं. या साखळीत इंटरफेसला त्याचा स्वतःचा पॉवर अडॅप्टर लावा. शेवटचा अडॅप्टर जेमतेम ७ वॅट देतो, तेवढ्यावर आठ प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारे भाग) आणि फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) ओढू नये.

विंडोजवर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं कार्ड लागतं, आणि ते बसतं डेस्कटॉपच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये किंवा एक्स्प्रेसकार्डची खाच असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये. लिनक्समध्ये अनेक फायरवायर इंटरफेसचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, पण लॅपटॉपला फायरवायर कुठून आणायचं हा प्रश्न तसाच राहतो. कुठल्याही मार्गाने गेलात तरी सहा पिनांची केबल चालू मशीनला लावू नका. दोन्ही बाजू बंद करा, केबल घाला, मग चालू करा. उलटी घुसवलेली पिन पोर्टचा जीव घेते.

आमचं मत स्पष्ट आहे: फायरवायरसाठी नवा लॅपटॉप घेऊ नये. त्या इंटरफेसला ऑप्टिकल एडॅट आउट (प्रकाशाच्या केबलने आठ चॅनल पाठवणारं पोर्ट) असेल आणि तो संगणकाशिवाय चालत असेल, तर त्याला नुसता प्रीअँप म्हणून ठेवा. एडॅट इनपुट असलेला छोटा यूएसबी इंटरफेस घ्या, मधे एक ऑप्टिकल केबल टाका, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला आठही चॅनल मिळतात. क्लॉक, म्हणजे सॅम्पल मोजण्याचा ताल, मात्र एकाचंच ठेवा: जुना इंटरफेस मास्टर केलात तर नव्याला ‘एडॅट’ क्लॉक निवडा. दोघेही आपापल्या क्लॉकवर चालले की दर काही सेकंदांनी बारीक टिकटिक ऐकू येते आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो.

४. आता लॅपटॉप

रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. डिस्कच्या वेगाची चिंता नको: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक तासाला सुमारे ५१८ एमबी घेतो. सोळा ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला २.३ एमबी, जे जुनी फिरती डिस्कही झेपवते. पैसे वाचवायचे तर ग्राफिक्स कार्डावर वाचवा. त्याचा रेकॉर्डिंगला उपयोग नाही. उलट त्याचा ड्रायव्हर आणि पंखा दोन्ही त्रास देतात. माइक मीटरभरावर असेल तर पंख्याची घरघर रेकॉर्ड होणारच, म्हणून दुकानात भार टाकून पंखा ऐका.

निदान एक यूएसबी-ए पोर्ट अंगचं असावं. जुना यूएसबी २.० इंटरफेस यूएसबी-सी ला साध्या केबलने जोडता येतो, पण हब आला की भानगडी सुरू होतात. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं. त्याच हबवर बाहेरची डिस्क असेल तर वीज कमी पडते, आणि फँटम पॉवर लावताच इंटरफेस गायब होतो. हब टाळता येत नसेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

५. परत करण्याची मुदत संपण्याआधी तपासा

लॅटन्सीमॉन हा, कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवतोय ते दाखवणारा विंडोजवरचा फुकट प्रोग्रॅम पंधरा मिनिटं चालू ठेवा, वायफाय चालू असताना एकदा आणि बंद करून एकदा. हिशेब सोपा आहे: ६४ सॅम्पलचा बफर (आवाजाची तात्पुरती साठवण) ४८ किलोहर्ट्झला १.३३ मिलिसेकंदांत रिकामा होतो. अशात एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर २ मिलिसेकंद अडवून धरला, की आवाजात तडतड आलीच. यादीत एनडीआयएस.सिस वर आलं तर संशय वायफायवर, एसीपीआय.सिस आलं तर बॅटरी आणि वीज नियंत्रणावर. दुसऱ्या प्रकारात डिव्हाइस मॅनेजरमधली ‘कंट्रोल मेथड बॅटरी’ रेकॉर्डिंगपुरती डिसेबल करून बघा. तेवढा वेळ बॅटरीचा आकडा दिसणार नाही, म्हणून चार्जर लावून ठेवा. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’ ठेवा आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा.

मग बफर १२८ वर ठेवून अर्धा तास सलग रेकॉर्ड करा. मध्येच तडतडलं तर २५६ वर जा. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण किंवा नॉब असेल तर ५१२ वरही खुशाल गा. तुमचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनला येतो, त्यामुळे उशीर जाणवत नाही. मात्र सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी ऐकू येईल.

शेवटी चार्जर लावून आणि काढून स्पीकर ऐका. चार्जर लावताच गुणगुण येत असेल तर तो ग्राउंड लूप. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, आणि इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड टीआरएस केबल वापरा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. प्लगची अर्थिंगची पिन काढूनही गुणगुण थांबते, पण माइकला ओठ टेकवून गाणाऱ्याला झटका बसू शकतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.