पहारा बदलण्याची सोय : मराठवाड्यात सामाजिक संस्था चालवणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी

मराठवाड्यातल्या बऱ्याच सामाजिक संस्था एखाद्या आपत्तीतून उभ्या राहिल्या. कुणाच्या कामाचे मूळ १९७२ च्या दुष्काळात आहे, कुणाचे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतरच्या मदतकार्यात, तर कुणाचे शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या त्या वर्षांत. आपत्ती ओसरते, पण तिने लावून दिलेल्या सवयी संस्थेत तशाच राहतात. फोन रात्रभर चालू ठेवायचा, जेवण गाडीत उरकायचे, रजा मागताना ओशाळायचे आणि लहानमोठा प्रत्येक निर्णय एकाच माणसाने घ्यायचा, ही ढिगाऱ्याखाली माणसे असतानाची रीत पुढे तीस वर्षे नेहमीची कार्यपद्धती म्हणून चालत राहते. संस्थाप्रमुखाचे मन थकते त्यामागे त्याच्या स्वभावापेक्षा या रीतीचा वाटा अधिक असतो, असे माझे मत आहे. त्यामुळे प्राणायाम आणि पहाटेचे फिरणे कितीही उपयोगी असले तरी उपायाची सुरुवात संस्थेच्या रचनेपासून करावी.

आधी थकवा ओळखायला हवा. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करताना हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ज्या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हटले, ती त्याला ध्येयाने भारलेल्या स्वयंसेवकांमध्येच दिसली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. तिची तीन अंगे सांगितली आहेत : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. आपल्याकडे यांतले दुसरे अंग सर्वांत आधी बोलण्यात उतरते. ज्या गावासाठी दहा वर्षे दिली त्या गावाबद्दल ‘हे लोक सुधारणार नाहीत’ असे वाक्य सहज तोंडून जाऊ लागले, किंवा जुन्या बचत गटाच्या अध्यक्षाताईंचा फोन पाहून तो उलटा ठेवावासा वाटला, तर ती तारीख वहीत लिहून ठेवावी. महिन्याभरात अशा तीन-चार नोंदी झाल्या तर त्या गावकऱ्यांबद्दल फारसे काही सांगत नाहीत. त्या तुमच्याबद्दल सांगतात.

यानंतर वर्षाचा ताण कागदावर मांडावा. मराठवाड्यातला ताण पुष्कळसा ऋतूंना बांधलेला आहे, त्यामुळे तो आधी दिसू शकतो. मार्चअखेर निधीचा विनियोग आणि हिशेब असतात. एप्रिल ते जून टँकर आणि पाणी. जून-जुलैमध्ये पावसाने दडी मारली की दुबार पेरणीचे संकट येते आणि गावोगावचे फोन वाढतात. सप्टेंबरअखेर धर्मादाय कार्यालयात द्यायच्या लेखापरीक्षण अहवालाची धावपळ होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, धारूर, पाटोदा भागांतून उचल घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या जोड्या कारखान्यांकडे निघतात, आणि त्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची हंगामी वसतिगृहांची लगबग तेव्हाच सुरू होते. बारा महिन्यांचे बारा रकाने पाडून प्रत्येकात भाराचा अंदाज ‘हलका’, ‘मध्यम’ किंवा ‘जड’ असा लिहावा. प्रमुखाची रजा जड महिना संपल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, वर्षाच्या आरंभी, तारखेसह ठरवावी. ‘सवड मिळाली की घेऊ’ अशा बोलीवर ठेवलेली रजा मी तरी कुणाला मिळालेली पाहिलेली नाही.

खरा प्रश्न असतो तो रजेच्या काळात काम कुणी धरायचे हा, आणि त्याचे उत्तर आपल्या गावांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पण सात दिवस ती एकाच माणसाच्या गळ्यात असते असे नाही. पहारे ठरलेले असतात. आपली वेळ संपली की वीणेकरी पुढच्याच्या गळ्यात वीणा देतो, नमस्कार करतो आणि जाऊन झोपतो. त्याची निष्ठा कमी पडली असे कुणी म्हणत नाही, कारण पाळी आधीच लागलेली असते. संस्थेत हेच करायचे आहे.

त्यासाठी आधी एक माणूस निवडावा. तो सर्वांत हुशार असण्याची गरज नाही. ज्याला ‘मला हे ठाऊक नाही, उद्या सांगतो’ असे म्हणता येते तो योग्य. मग एका पानावर चार गोष्टी लिहाव्यात. प्रमुखाचा कार्यालयीन फोन कोणाकडे राहील, किती रकमेपर्यंतचा खर्च तो विचारल्याशिवाय करू शकेल, कोणते निर्णय थांबवून ठेवायचे, आणि कोणत्या प्रसंगीच प्रमुखाला उठवायचे. शेवटच्या यादीत दोन-तीनच बाबी असाव्यात : कार्यकर्त्याचा अपघात, संस्थेच्या आवारातील मुलाची सुरक्षितता, पोलीस कारवाई. देणगीदाराच्या अधिकाऱ्याला रविवारी हवी असलेली छायाचित्रे या यादीत येत नाहीत. बँकेत सह्यांचा अधिकार तीन विश्वस्तांना देऊन कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार होईल असे करून ठेवावे, नाहीतर रजेवर गेलेल्या माणसामागे धनादेशांचे पुस्तक फिरत राहते.

हे पान विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठराव म्हणून मंजूर करून इतिवृत्तात नोंदवावे. हा उगाच केलेला सोपस्कार वाटेल. परंतु इतिवृत्तात आलेली रजा हा संस्थेचा नियम ठरतो, आणि तोंडी घेतलेली रजा ही प्रमुखाची सवलत मानली जाते. हाताखालचे कार्यकर्ते रजा मागायला धजतात की नाही, हे या फरकावर अवलंबून असते. सुरुवात चार दिवसांच्या रजेने करावी, सहा महिन्यांनी दहा दिवसांची घ्यावी. पहिल्या वेळी चुका होतील. एखादा अहवाल उशिरा जाईल.

संस्थाप्रमुख स्त्री असेल तर एक जादा तरतूद लागते. गावोगाव ताई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाईने रजा घेऊन घरीच थांबायचे ठरवले की ती रजा स्वयंपाकघरात, पाहुण्यांत आणि सासूबाईंच्या दवाखान्यात संपते. तिचा पहारा घरातही बदलायला हवा, किंवा तिने रजेत घर सोडून माहेरी, मैत्रिणीकडे जायला हवे.

पैशाच्या ताणाबद्दल मोकळेपणाने बोलले जात नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारावरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, पण ती कोणत्या महिन्यात हाती पडेल हे संस्थेच्या हातात नसते. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, त्यामुळे ज्याच्याकडे पहारा द्यायचा त्या दुसऱ्या फळीच्या माणसाचा पगार कशातून काढायचा हा पेच अनेक संस्थांत उभा राहिला. हप्ता लांबतो, पगार थकतात, आणि प्रमुख घरातले सोने गहाण ठेवून कुणाला न सांगता पगार करतो. असे एकदाही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्यातून जन्मणारी भीती आणि मनातला हिशेब वर्षानुवर्षे पुरतो. निर्बंध नसलेल्या स्थानिक देणग्यांतून तीन महिन्यांच्या पगाराइतका राखीव निधी हळूहळू उभा करावा, आणि हप्ता लांबला की त्याच आठवड्यात सर्वांना एकत्र बसवून आकडे सांगावेत. कार्यकर्ते त्यामुळे सोडून जातील ही भीती बहुधा खोटी ठरते. त्यांना ते चहाच्या टपरीवर आधीच कळलेले असते.

सर्वांत अवघड भाग मृत्यूच्या बातम्यांचा. रात्री अकराला कार्यकर्त्याचा फोन येतो, ‘सर, अमक्याने औषध घेतलं’, आणि सकाळी त्याच सरांना कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे सादरीकरण करायचे असते. सांत्वनभेटीला कधीही एकट्याने जाऊ नये. परत येताना गाडी वाटेत थांबवून दोघांनी पंधरा-वीस मिनिटे बोलावे, आणि त्या बोलण्यात ‘पुढे काय करायचे’ हा विषय आणू नये. काय पाहिले, काय ऐकले, कशाने पोटात कालवले एवढेच बोलावे. त्या कुटुंबाच्या माहितीचा अर्ज शक्यतो न गेलेल्या कार्यकर्त्याने लिहावा. घटनास्थळाची छायाचित्रे संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्यास स्पष्ट मनाई असावी. ‘मागच्या आठवड्यात गेलो असतो तर’ हा विचार बहुतेकांना येतो आणि तो एकट्याने सोसण्यासारखा नसतो. त्यासाठी वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या, एकाच देणगीदाराकडे न जाणाऱ्या चार-पाच संस्थाप्रमुखांनी महिन्यातून एकदा भेटावे. लातूर, बीड आणि धाराशिवच्या लोकांना अंबाजोगाईला एसटीने एका दिवसात जाऊन परतता येते. या भेटीत प्रकल्पाचे नाव काढायचे नाही, असा नियम पाळावा.

एवढे करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस मन उदास राहिले, ज्यात रस होता त्यात रस उरला नाही, झोप आणि भूक बिघडली, आणि रजेतही यात फरक पडला नाही, तर हे बर्नआउटच्या पलीकडचे असू शकते आणि त्यासाठी डॉक्टर हवा. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ लागला असाल तरीही हवा. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत आणि छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर व अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार मिळतो. ज्या गावात सत्काराच्या शाली अंगावर पडल्या त्याच गावात मानसोपचाराच्या रांगेत बसायला संकोच वाटतो, हे समजण्यासारखे आहे. तसे असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी एका माणसाला ते शब्दांत सांगावे, आणि घरात फवारणीचे औषध असेल तर ते त्याच्या हवाली करावे. आपल्यातले बरेच जण शेतकरीही आहेत, त्यामुळे ही गोष्ट मी मुद्दाम लिहीत आहे.

रजेवरून परतल्यावर पहिल्या दिवशी काय करू नये, एवढे सांगायचे राहिले. तुमच्या गैरहजेरीत सहकाऱ्याने घेतलेला कोणताही निर्णय त्या दिवशी फिरवू नये, तो चुकीचा वाटला तरी. आठवडाभर थांबावे, मग दोघांनीच बसून चर्चा करावी, आणि पुढच्या पहाऱ्याची तारीख त्याच बैठकीत लिहावी.