दक्षता आयोगावर कोण बसलंय, ते कसं वाचायचं

परीक्षेची मुलं वहीत एक ओळ लिहितात, ‘केंद्रीय दक्षता आयुक्त: अमुक अमुक’, आणि पुढच्या पदाकडे वळतात. अशी ओळ वर्षभरात शिळी होते. वेंगुर्ल्याच्या वाचनालयात एकाने मला सरळच विचारलं, “काका, पण ही माणसां असतत कोण?” प्रश्न बरोबर आहे. केंद्राच्या खात्यांतल्या, बँकांतल्या, कंपन्यांतल्या भ्रष्टाचारावर नजर ठेवणारा हा आयोग. मी सरकारी बँकेत होतो, अखेरची वर्षं इन्स्पेक्शनमध्ये गेली. ‘व्हिजिलन्स’ म्हटलं की आमच्याकडे भल्याभल्यांचा चहा गार व्हायचा. त्यामुळे हे लोक येतात कुठून, हे पाहायची सवय तेव्हापासूनची. ते कसं पाहायचं, ते सांगतो.

आधी कायदा उघडा. केंद्रीय दक्षता आयोग अधिनियम, 2003, कलम 3 चं पोटकलम 3. अर्ध्या पानाचा मजकूर आहे, गाइड विकत घ्यायची गरज नाही. आयोगात जास्तीत जास्त तिघं, एक केंद्रीय दक्षता आयुक्त आणि दोन दक्षता आयुक्त. आत यायचे दरवाजे दोन. पहिल्याने अखिल भारतीय सेवा आणि केंद्राच्या नागरी सेवांतले लोक येतात, म्हणजे आयएएस, आयपीएस, आयआरएस (महसूल सेवा) वगैरे. दुसऱ्याने केंद्राच्या महामंडळांतले आणि सरकारी कंपन्यांतले, ज्यांना वित्त, विमा, बँकिंग, कायदा, दक्षता, तपास यांतलं कळतं ते. आणि खरी मेख पुढच्या परंतुकात, म्हणजे जोडलेल्या अटीत: कुठल्याही एका दरवाजातून दोनपेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत.

हे परंतुक डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. तिन्ही खुर्च्या भरायच्या तर तिघेही पहिल्याच दाराचे चालत नाहीत, एक तरी दुसऱ्या दाराने आणावा लागतो. तो बहुतेकदा बँकेतून येतो. रंजना कुमार (इंडियन बँक, मग नाबार्ड), जे. एम. गर्ग (कॉर्पोरेशन बँक), टी. एम. भसीन (इंडियन बँक), सुरेश पटेल (आंध्र बँक), आणि 2024 मध्ये ए. एस. राजीव. राजीव आपल्या महाबँकेचे एमडी होते, 2018 च्या डिसेंबरपासून. त्याआधी इंडियन बँकेत कार्यकारी संचालक. इंडियन बँक किती वेळा आली बघा. यातून मी काही सिद्ध करत नाही, पण वहीत नोंद असावी.

आता वही आडवी धरा आणि रकाने आखा. नाव. सेवा, कॅडर (नेमून दिलेलं राज्य) आणि बॅच (भरतीचं वर्ष). निवृत्तीच्या वेळचं पद. मधल्या काळात दक्षतेचं किंवा तपासाचं काम केलं होतं का. नेमणूक कधी, आणि खुर्ची कधी सोडायची. शेवटचा रकाना काढायला सोपा, कारण मुदत चार वर्षं किंवा वयाची 65, जे आधी येईल ते. दक्षता आयुक्त पुढे केंद्रीय दक्षता आयुक्त झाला, तरी दोन्ही मिळून चार वर्षांच्या वर जाता येत नाही. जन्मतारीख मिळाली की बाकीचं तुम्हीच काढाल.

एक नमुना भरून दाखवतो, 2024 सालचा. प्रवीण कुमार श्रीवास्तव: आयएएस, आसाम-मेघालय कॅडर, 1988 बॅच, निवृत्तीपूर्वी मंत्रिमंडळ सचिवालयात सचिव (समन्वय), 2022 मध्ये दक्षता आयुक्त, मे 2023 पासून केंद्रीय दक्षता आयुक्त. त्यांच्याखाली अरविंद कुमार: आयपीएस, 1984 बॅच, गुप्तवार्ता विभागाचे माजी संचालक, 2022 मध्ये दक्षता आयुक्त. त्यांचंही कॅडर आसाम-मेघालय. नुसती नावं पाठ केली असती तर हे दिसलंच नसतं. त्यांच्याखाली राजीव. म्हणजे एक सचिवालयातला, एक गुप्तवार्तेतला, एक बँकेतला. परंतुकाचं गणित बरोबर जुळलं.

माहिती कुठून घ्यायची? आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचा परिचय असतो. नेमणुकीच्या दिवशी राष्ट्रपती भवनाचं आणि पीआयबीचं (केंद्राचं पत्र सूचना कार्यालय) निवेदन येतं. परिचय वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘विविध महत्त्वाची पदे भूषविली’ या वाक्याला शून्य गुण. कुठल्या साली, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या खात्यात, हे मिळेपर्यंत रकाना पेन्सिलीनेच भरायचा. वर्तमानपत्रातल्या ‘पहिले’ या शब्दावरही असाच संशय ठेवा. 2015 मध्ये के. व्ही. चौधरी आले तेव्हा आयएएसबाहेरचे पहिले प्रमुख असं छापून आलं. चौधरी आयआरएस, प्रत्यक्ष कर मंडळाचे माजी अध्यक्ष. पण संथानम समितीच्या शिफारशीवरून 1964 मध्ये आयोग निघाला, तेव्हाचे पहिलेच आयुक्त निट्टूर श्रीनिवास राव म्हैसूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ते कुठले आयएएस!

परिचयात काय आहे यापेक्षा काय गाळलंय ते शोधणं अवघड, आणि तेच महत्त्वाचं. याचा धडा पी. जे. थॉमस प्रकरणात आहे. केरळ कॅडरचे आयएएस, 1973 बॅच, दूरसंचार सचिव. कागदावर बायोडेटा चोख. सप्टेंबर 2010 मध्ये नेमणूक झाली. निवड समितीत तिघं असतात: पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतला विरोधी पक्षनेता. सुषमा स्वराज यांनी तिथेच विरोध नोंदवला होता. केरळात पामोलीन आयातीचं जे प्रकरण गाजलं, त्यात थॉमस यांच्यावर आरोपपत्र होतं. कार्मिक विभागाच्या 2000 ते 2004 मधल्या टिपणांत त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई करावी असं लिहिलेलं होतं, पण ती टिपणं निवड समितीपुढच्या बायोडेटात नव्हती. 3 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमणूक रद्द केली. न्यायालयाने व्यक्ती दोषी आहे का, हे ठरवलं नाही. संस्थेची विश्वासार्हता राहते का, एवढंच पाहिलं. आणि यापुढे विचार फक्त नागरी सेवकांपुरता ठेवू नका, असंही बजावलं.

बँकेत प्रमोशनच्या आधी प्रत्येकाचा ‘व्हिजिलन्स क्लिअरन्स’ मागवतात. तो एका ओळीचा कागद आला नाही तर स्केल फोरचा माणूस स्केल फोरमध्येच निवृत्त होतो. शाखा व्यवस्थापकाला जी चाळणी, ती देशाच्या दक्षता आयुक्ताला लावताना टिपणं गळतात, हे मला आजही पचत नाही. तेव्हा तुमच्या वहीत एक जादा रकाना ठेवा, ‘निवडीत कोणी विरोध नोंदवला का’. बहुधा तो कोराच राहील, तरी ठेवा.

पार्श्वभूमी वाचून काय कळतं? त्या माणसाने कुठल्या प्रकारच्या फायली हाताळल्या, ते. बँकवाल्याला कर्ज मंजुरीतली गफलत चटकन दिसेल, पोलिसाला जबाबातली. एन. विट्ठल 1998 ते 2002 आयुक्त होते, आयएएस, माजी दूरसंचार सचिव. जानेवारी 2000 मध्ये त्यांनी कारवाईची शिफारस झालेल्या अधिकाऱ्यांची नावं थेट संकेतस्थळावर टाकली. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट म्हणजे काय हे कुडाळला जाऊन बघावं लागे. दूरसंचारातून आलेला माणूस म्हणून सुचलं असेल, असं माझं मत. आयोगाचा सल्ला बंधनकारक नसतो, मग नाव जाहीर करणं हेच हत्यार उरतं.

लोकपाल वेगळा, त्याची पानं वेगळी ठेवा. 2013 चा कायदा, अध्यक्ष आणि जास्तीत जास्त आठ सदस्य, त्यांतले निम्मे न्यायिक. न्यायमूर्तींसाठीचं दार इथे आहे. मार्च 2024 पासून अध्यक्ष अजय खानविलकर, आधी मुंबई उच्च न्यायालय, मग हिमाचल आणि मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती, मग सर्वोच्च न्यायालय. 2019 च्या पहिल्या लोकपालात महाराष्ट्राचे माजी मुख्य सचिव दिनेश कुमार जैन सदस्य होते. बिगरन्यायिक सदस्याला 25 वर्षांचा अनुभव लागतो. आणि खासदार, आमदारच काय, ग्रामपंचायतीचा सदस्यही तिथे चालत नाही.

तक्रार करण्यासाठी हे वाचणाऱ्यांनी आयुक्तांच्या नावाआधी अधिकारक्षेत्र बघावं. थळची आरसीएफ, कोकण रेल्वे, पोस्ट, सरकारी बँका दक्षता आयोगाच्या कक्षेत. तलाठी, तहसीलदार नाहीत, त्यांच्यासाठी राज्याचा लोकायुक्त किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन 1064. मुंबई-गोवा महामार्ग तर पक्का चकवा आहे. रस्ता राष्ट्रीय, पण इंदापूरच्या खाली काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. तिथल्या अभियंत्याची तक्रार दिल्लीला पाठवलीत तर पोस्टाचा खर्च वाया.

आयोगाकडेच जायचं असेल तर निनावी पत्र पाठवू नका, त्यावर कारवाई होत नाही. नाव गुप्त राहावं असं वाटत असेल तर पाकीट चिकटवून बंद करा, वर आयोगाच्या सचिवांचा पत्ता आणि ठळक अक्षरांत ‘पीआयडीपीआय’ असं लिहा, तेही इंग्रजी अक्षरांत (PIDPI). जनहितासाठी माहिती देणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या ठरावाची ती खूण. स्वतःचं नाव-पत्ता पाकिटावर नको, आतल्या पत्रात हवा. ते पत्र बहुतेकदा फिरून त्या संस्थेच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे चौकशीला जातं, तुमचं नाव झाकून. हा अधिकारी सहसा त्या संस्थेतला नसतो, बाहेरून आणलेला असतो. त्याची सेवा आणि बॅच लिहायलाही वहीत एक ओळ ठेवा, कारण कागद आधी वाचणार आहे तो.