पायथनमध्ये मॅट्रिक्स वाचताना अख्खी ओळ एकदम घ्या

३ × ३ मॅट्रिक्ससाठी, म्हणजे तीन ओळी आणि तीन स्तंभांत मांडलेल्या आकड्यांसाठी, नऊ वेळा एंटर दाबायला लावू नका. कागदावर लिहितो तशी आडवी ओळ टाइप करू द्या. इनपुटने ती वाचा, स्प्लिटने तोडा, प्रत्येक तुकडा इंटने आकड्यात बदला आणि तयार झालेली यादी अपेंडने मॅट्रिक्सला जोडा. ओळीत तीनच आकडे आलेत ना, हे तिथल्या तिथे तपासा. नाहीतर चूक पुढे गुणाकारात उघडी पडते आणि मग शोधत बसावं लागतं.

शून्यांच्या एका ओळीची यादी तीनने गुणून मॅट्रिक्स मात्र कधीच बनवू नका! त्या तीन वेगळ्या ओळी नसतात, एकच यादी तीनदा दिसत असते. एक आकडा बदलला की तिन्ही ओळींत बदलतो.

आणि हो, इंटला ‘१२’ असे देवनागरी अंकही कळतात. मराठी कीबोर्डवरून खुशाल भरा.