बंगला-प्लॉटचं ड्रोन शूटिंग : या चुका टाळा

ड्रोन हातात आला की आधी तो उंच उडवायची हौस. 400 फुटांवरून दोन मजली बंगला काडेपेटीएवढा दिसतो आणि गिऱ्हाइकाला दिसतात त्या शेजारच्या गच्चीवरच्या टाक्या. बंगल्याला 40 ते 60 फूट उंची पुरते, कॅमेरा 15-20 अंश खाली. अपार्टमेंट असेल तर ड्रोन इमारतीच्या निम्म्या उंचीवर धरा आणि कॅमेरा सरळ समोर ठेवा. खाली झुकवला की भिंती पायाकडे निमुळत्या दिसतात.

उंची लागते ती एनए (बिगरशेती) प्लॉटला, सरळ वरून, 200-250 फूट. पण आधी हद्दीवर फक्की मारून घ्या. काळ्या रानात हद्दीचे दगड वरून ओळखूच येत नाहीत. रेघ चांगली वीतभर रुंद हवी, बोटभर रेघ फोटोत गायब होते.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते वेळ चुकल्याने. पूर्वेला तोंड असलेलं घर सकाळी, पश्चिमेचं संध्याकाळी, एवढं बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते उत्तराभिमुख घरापाशी. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, त्यामुळे समोरची भिंत सावलीत आणि मागचं आभाळ पांढरंफटक. अशा घरासाठी ढगाळ दिवस धरा, नाहीतर सूर्य मावळल्यावर 15-20 मिनिटांत घरातले सगळे दिवे लावून फोटो काढा. आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) 100, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल, 3 किंवा 5 फोटोंचं ब्रॅकेटिंग (तोच फोटो कमी-जास्त उजेडात टिपणं). व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर नको, नाहीतर एकाच भिंतीचा रंग दर फोटोत वेगळा येतो.

एप्रिल-मेमध्ये नांदेड-परभणीकडे सकाळी 9 च्या आत काम उरका. बऱ्याच छोट्या ड्रोनची तापमानाची मर्यादाच 40 अंश सेल्सिअसची असते. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापत ठेवायच्या नाहीत.

गच्चीवरून उड्डाण करू नका. स्लॅबमधल्या लोखंडी सळयांनी ड्रोनचा कंपास (होकायंत्र) गंडतो आणि वर गेलेला ड्रोन गोल भरकटतो. गच्चीवरच कॅलिब्रेशन (कंपास नव्याने जुळवणं) केलं तर आणखी बिघडतं. खाली मोकळ्या जागेतून उडवा, मुरूम असेल तर ताडपत्री अंथरा. उडालेली कच गिंबलमध्ये (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेत) गेली की तो अडकतो. होम पॉइंट (ड्रोनने परत यायची जागा) नोंदल्याशिवाय निघू नका. ड्रोन आपोआप परत येण्याची उंची परिसरातल्या सर्वांत उंच टाकी-टॉवरपेक्षा 50-60 फूट जास्त ठेवा, आणि बॅटरी 30 टक्क्यांवर आली की माघारी फिरा.

कागदपत्रांचं थोडक्यात : ड्रोनला यूआयएन (नोंदणी क्रमांक) लागतो. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने पैसे घेऊन काम करायचं तर रिमोट पायलट सर्टिफिकेटही हवं. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंतच. दर वेळी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघाच, छावणीसारखे (लष्करी) बंदी असलेले भाग त्यावरच कळतात.

आणि घार मागे लागली तर खाली पळवू नका. सरळ वर चढवा, तिला तेवढं झटपट चढता येत नाही.