न्यू जर्सीत स्कूल बोर्डाला मत द्यायचंय? आईबाबांनी आधीपासून काय काय करून ठेवायचं

सगळ्यात आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आपण अमेरिकन सिटिझन आहोत का? ग्रीन कार्ड चालत नाही, एच-वन चालत नाही, मूल इथे जन्मलंय म्हणून चालत नाही, इतकी वर्षं टॅक्स भरतोय म्हणूनही चालत नाही. न्यू जर्सीत स्कूल बोर्डाचं, म्हणजे गावातल्या पब्लिक शाळांचा कारभार बघणाऱ्या निवडलेल्या मंडळाचं, मत पालक म्हणून मिळतच नाही, त्या गावात राहणारा, अठरा पूर्ण झालेला, नाव नोंदवलेला सिटिझन म्हणून मिळतं. त्यामुळे ज्यांची मुलं कधीच कॉलेज संपवून नोकरीला लागली, ज्यांना मुलंच नाहीत, ज्यांची मुलं प्रायव्हेट शाळेत जातात, ते सगळे मत देऊ शकतात. आणि ते देतातही, कारण प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलातला साधारण निम्मा पैसा शाळांकडे जातो आणि हे बिल राज्यात सरासरी दहा हजार डॉलरच्या आसपास आहे. अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्यांनाही मत आहे, हे कित्येकांच्या गावीही नसतं, म्हणे आम्ही कुठे टॅक्स भरतो, अहो घरमालक तुमच्या भाड्यातूनच भरतो की! घरात आजी-आजोबा सिटिझन झालेले असतील तर त्यांचीही मतं धरा, म्हणजे एका घरात चार मतं होतात, आणि या इलेक्शनमध्ये चार म्हणजे काही कमी नाहीत.

सिटिझन नसाल तर मात्र हा भाग दोनदा वाचा. लायसन्सच्या कामाला गेलात की तिथेच व्होटर रजिस्ट्रेशनचं पण विचारतात, मागे रांग असते, पोरगं कंटाळलेलं असतं, आपण यस यस करत पुढे जातो. तिथे थांबायचं, वाचायचं आणि नाही म्हणायचं. पुढे सिटिझनशिपचा एन-४०० फॉर्म भरताना स्पष्ट विचारतात की कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का, कधी मत दिलंत का, आणि त्यात लोकल इलेक्शनपण येतं. चुकून झालं हे नंतर पटवून द्यायला वकील लागतो, आणि तरीही प्रकरण निस्तरेलच असं नाही. कोणी उत्साही शेजारी म्हणाला की स्कूल बोर्डच तर आहे, सही कर, तर गोड हसून चहा द्या आणि फॉर्म परत करा.

मत नाही म्हणजे आवाज नाही असं मात्र नाही हं. बोर्डाच्या मीटिंगा कायद्याने खुल्या असतात, अजेंडा आधी लावावा लागतो, लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो, आणि माइकसमोर उभं राहिल्यावर पासपोर्ट कोणी मागत नाही, फारतर नाव आणि गाव विचारतात. भरलेल्या हॉलमध्ये दहा पालक एकाच विषयावर तीन-तीन मिनिटं बोलले की बोर्डाला ऐकावंच लागतं.

आता जे न्यू जर्सीत नाहीत त्यांच्यासाठी पटकन, कारण नियम गावोगाव वेगळे आहेत. न्यूयॉर्क शहरात कम्युनिटी एज्युकेशन कौन्सिल नावाचा प्रकार आहे, ३२ डिस्ट्रिक्टची ३२ कौन्सिलं आणि वर काही शहरभराची, दर दोन वर्षांनी वसंतात ऑनलाइन मतदान होतं, आणि २०२१ पासून पब्लिक स्कूलमधल्या मुलांचे आईबाबा थेट मत देतात, इमिग्रेशन स्टेटस काहीही असो. त्याआधी पीटीएचे, म्हणजे पालक-शिक्षक संघाचे, पदाधिकारीच मत द्यायचे. शिकागोत प्रत्येक शाळेची लोकल स्कूल कौन्सिल असते, तिथेही पालकांना सिटिझन नसले तरी मत आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ साली प्रपोझिशन एन नावाचा प्रस्ताव मतदारांनी पास केला, त्यामुळे २०१८ च्या इलेक्शनपासून शहरात राहणाऱ्या मुलांच्या नॉन-सिटिझन पालकांना बोर्ड ऑफ एज्युकेशनसाठी मत देता येतं, फक्त त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. तिथलं इलेक्शन खातंच सांगतं की तुम्ही दिलेली माहिती इमिग्रेशनवाल्यांच्या हाती लागू शकते, म्हणून आधी वकिलाला विचारा. कायदेशीर हक्क असला तरी मी विचारल्याशिवाय सही केली नसती.

परत जर्सीकडे. पहिलं काम, आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे एका बोर्डाखाली येणाऱ्या शाळांच्या भागाचं, इलेक्शन कधी ते बघणं. २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक डिस्ट्रिक्टनी ते एप्रिलमधून नोव्हेंबरच्या जनरल इलेक्शनला जोडलं, पण काही अजून एप्रिललाच घेतात. नेवार्क त्यातलंच, आणि तिथे २०२५ पासून सोळा-सतरा वर्षांची मुलंसुद्धा स्कूल बोर्डाला मत देतात, म्हणजे घरातला टीनएजर मत देऊन येईल आणि बाबा ग्रीन कार्डवाले म्हणून गाडीत बसतील. नोव्हेंबरवाल्यांनी कॅलेंडरवर उलटं मोजायचं. २०२६ चं इलेक्शन मंगळवारी ३ नोव्हेंबरला, रजिस्ट्रेशन २१ दिवस आधी बंद म्हणजे १३ ऑक्टोबर, अर्ली व्होटिंग २४ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. आणि लक्ष्मीपूजन ८ तारखेला, म्हणजे नेमकं चकली-चिवड्याच्या धांदलीत. शिवाय त्याच आठवड्यात टीचर्स कन्व्हेन्शनमुळे गुरुवार-शुक्रवार शाळा बंद, मंगळवारी शाळेतच मतदान असल्याने बऱ्याच ठिकाणी तेव्हाही सुट्टी, मग लोक विकेंडपासूनच गावाला जातात. म्हणून माझं मत विचाराल तर मंगळवारची वाट बघूच नका.

रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, राज्याच्या इलेक्शन डिव्हिजनच्या साईटवर. आधी केलेलं असेल तर तिथेच स्वतःचं नाव शोधून बघा. आपल्या लोकांची गंमत मधल्या नावात असते, एका कागदावर वडिलांचं, एकावर नवऱ्याचं, एकावर नुसतं अक्षर, नॅचरलायझेशनच्या वेळी नाव बदललं आणि लायसन्सवर जुनंच राहिलं, असं काही असेल तर ऑगस्टमध्येच नीट करून घ्या. घर बदललं असेल तर पत्ता बदला, एडिसनहून साऊथ ब्रन्सविकला गेलात तर काउंटी तीच पण स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळा, जुन्या पत्त्यावर जुन्याच गावाचे उमेदवार येतील. आणि सही! रजिस्टर करताना देवनागरीत झोकदार सही केली होती की इंग्रजीत, ते आठवा, कारण मेल-इन बॅलटवरची सही त्याच्याशी ताडून बघतात. जुळली नाही तर काउंटी पत्र पाठवून दुरुस्तीची संधी देते, पण ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात रिसायकलला गेलं की संपलं.

मग उमेदवार, आणि खरी मेहनत इथेच आहे. स्कूल बोर्डाच्या उमेदवाराच्या नावापुढे पक्ष नसतो. वर गव्हर्नर, काँग्रेस, टाऊन कौन्सिल वगैरेला जे डोळे मिटून एका रांगेत खाली जातात त्यांना इथे काहीच आधार मिळत नाही, मग लोक ओळखीचं आडनाव किंवा कोपऱ्यावरच्या लॉन साईनवर पाहिलेलं नाव निवडतात. पटेल, शहा, राव, कुलकर्णी दिसलं की मार टिक, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि मला ते मुळीच पटत नाही, आडनावावरून कोणाला शाळेचं बजेट कळतं असं सिद्ध झालेलं नाही. त्यापेक्षा बोर्ड काय करतं ते आधी समजून घ्या. बोर्ड बजेट मंजूर करतं, सुपरिंटेंडंट म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी नेमतं, पॉलिसी आणि शाळेचं कॅलेंडर ठरवतं, कुठल्या सबडिव्हिजनची मुलं कुठल्या शाळेत जाणार ते ठरवतं. दिवाळीची सुट्टी एडिसनसारख्या गावांत मिळते ती बोर्डाने कॅलेंडरमध्ये घातली म्हणून. पण तुमच्या मुलाला मॅथचा ऑनर्स क्लास मिळाला नाही हे बोर्ड मेंबरचं काम नाही. शाळा चालवणं नाही तर ती नीट चालतेय ना हे बघणं, एवढंच त्यांचं काम, तसं त्यांच्या एथिक्स कोडमध्येच लिहिलंय. त्यामुळे जो उमेदवार "मी निवडून आलो की तुमच्या मुलाचं बघतो" म्हणतो त्याला एकतर नियम माहीत नाहीत किंवा माहीत असून पाळायचे नाहीत.

नऊ जणांचं बोर्ड असेल तर साधारण दरवर्षी तीन जागा निघतात, तीन-तीन वर्षांच्या. सध्याचाच मेंबर परत उभा असेल तर त्याचं काम मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदींत, सापडतं, किती मीटिंगांना आला, बजेटला हो म्हणाला की नाही, कशावर काही न बोलता हात वर केला. बऱ्याच डिस्ट्रिक्टचे व्हिडिओपण ऑनलाइन असतात, भांडी घासताना दीडपट स्पीडने ऐकता येतात. नवीन उमेदवारांसाठी लीग ऑफ विमेन व्होटर्ससारख्या संस्था कित्येक गावांत फोरम घेतात, तो बघा. एकच प्रश्न सगळ्यांना लावा, मी तरी हाच लावते: राज्याच्या कायद्याने शाळेचा टॅक्स वर्षाला साधारण दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हेल्थ इन्शुरन्सचा खर्च त्याहून जोरात वाढतो, मग तुम्ही काय कापणार? बस, स्पोर्ट्स, म्युझिक की टीचर? जो म्हणतो काहीच कापणार नाही आणि टॅक्सपण वाढवणार नाही, त्याचं नाव मी तिथेच खोडते. व्हॉट्सॲपवर अमुक तिघांनाच मत द्या असे फॉरवर्ड येतील, पण मंडळाच्या किंवा देवळाच्या ऑफिशियल ग्रुपवर ते यायला नकोत, टॅक्स माफ असलेल्या धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, ॲडमिनला आठवण करून द्या.

इलेक्शनच्या आधी काउंटीकडून सॅम्पल बॅलट पोस्टाने येतो, तो फेकू नका, फ्रिजवर लावा. स्कूल बोर्डाचा चौकोन पक्षांच्या रांगांपासून वेगळा, एका कडेला किंवा मागच्या पानावर असतो, आणि भले भले तो न बघताच मशीनमधून बाहेर येतात. कधी कधी दोन चौकोन असतात, एक पूर्ण टर्मचा आणि एक कोणीतरी मधेच सोडलेल्या जागेच्या उरलेल्या टर्मचा, दोन्ही वेगवेगळे भरायचे. तिघांना मत द्या असं लिहिलं असेल तर एकाला किंवा दोघांना दिलं तरी चालतं, पण कागदी बॅलटवर चार गोल काळे केले तर त्या चौकोनातली तुमची सगळीच मतं बाद. खाली प्रश्नही असू शकतो, दोन टक्क्यांवर जादा पैसे मागणारा किंवा शाळा बांधायला बॉण्ड म्हणजे कर्ज काढणारा. बॉण्डचे प्रश्न मात्र जानेवारी, मार्च, सप्टेंबर, डिसेंबर असे भलत्याच वेळीपण येतात, थंडीत कोणी जात नाही, आणि लाखो डॉलरचा निर्णय मूठभर लोक घेऊन मोकळे.

पोस्टाने मत द्यायचं तर मेल-इन अर्ज काउंटी क्लर्ककडे सात दिवस आधी पोचला पाहिजे, त्यानंतर स्वतः ऑफिसात गेलात तर आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मिळतो. पाकीट उघडलं की एकात एक असं प्रकरण असतं: बॅलट आतल्या पाकिटात, त्या पाकिटाला जोडलेल्या सर्टिफिकेटच्या पट्टीवर नाव-पत्ता-सही, ती पट्टी फाडायची नाही, मग सगळं बाहेरच्या पाकिटात. नवराबायकोची पाकिटं टेबलवर शेजारी ठेवून भरलीत तर अदलाबदल होते, म्हणून एकाचं पूर्ण बंद करून मगच दुसऱ्याचं उघडा. पोस्टाने टाकण्यापेक्षा काउंटीच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका, तो इलेक्शनच्या दिवशी रात्री आठपर्यंत उघडा असतो. एकदा तुम्हाला मेल बॅलट आला की मग मशीनवर मत देता येत नाही, गेलात तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, कागदावर द्यायला लावतात आणि ते शेवटी मोजतात.

मला स्वतःला अर्ली व्होटिंग सगळ्यात सोयीचं वाटतं. काउंटीतलं कुठलंही अर्ली सेंटर चालतं, सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री आठ, रविवारी सहापर्यंत, ग्रोसरीला जाताना होऊन जातं. मंगळवारीच जायचं असेल तर नेमून दिलेल्याच केंद्रावर, सकाळी सहा ते रात्री आठ. आठ वाजता रांगेत असाल तर हलू नका, मत द्यायला मिळतं. आजोबांना इंग्रजी वाचायला जड जात असेल तर मदतीला त्यांच्या पसंतीचा माणूस आत नेता येतो, फक्त ते नोकरी करत असतील तर तिथला मालक किंवा त्यांच्या युनियनचा माणूस नको. मिडलसेक्स काउंटीत बॅलट गुजरातीतपण असतो, मुंबईत आयुष्य गेलेल्या आजींना तो कदाचित तुमच्यापेक्षा पटकन वाचता येईल. मराठीत नाही, तेव्हा चिठ्ठी घरून लिहून न्या, चालते.

त्या रात्री दिसणारे आकडे पक्के नसतात, वेळेत पोस्टमार्क झालेले बॅलट नंतर सहा दिवस येत राहतात, प्रोव्हिजनल त्याच्याही मागून, आणि तिसऱ्या-चौथ्या नंबरमध्ये थोडक्या मतांचा फरक असेल तर निकाल फिरतो, त्यामुळे पेढे जरा थांबवा. नवीन मेंबर जानेवारीच्या सुरुवातीला रिऑर्गनायझेशन मीटिंगमध्ये शपथ घेतात, बोर्ड प्रेसिडेंटपण तिथेच निवडतात. ती तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, आणि बजेटच्या मीटिंगांचीही, मार्चपासून ते सुरू होतं.