यूकेत गाडीसोबत गॅप इन्शुरन्स घेताय? मग क्लेमचे पैसे नक्की कुठली कंपनी देणार ते सही करायच्या आधी शोधा

यूकेत नवीन आलेले आपले बरेच लोक पहिली चांगली गाडी पीसीपीवर घेतात, म्हणजे थोडं डिपॉझिट, तीन-चार वर्षं हप्ते आणि शेवटी मोठी रक्कम भरली तर गाडी आपली, नाहीतर परत. सगळं ठरलं, चावी हातात यायची वेळ आली की डीलर अजून काही कागद पुढे करतो, गॅप इन्शुरन्स, टायर आणि अलॉय चाकांचं कव्हर, एक्सेस (म्हणजे क्लेममधली तुम्ही स्वतः भरायची रक्कम) परत देणारं कव्हर, वाढीव वॉरंटी वगैरे, आणि महिन्याला थोडेच तर वाढतायत असं म्हणतो. आपण दमलेलो असतो, मुलं कंटाळलेली असतात, सही होऊन जाते. ती सही करायच्या आधी काय काय बघायचं ते इथे लिहितोय, कारण या कव्हरमागची खरी कंपनी बऱ्याचदा यूकेत नसतेच.

आधी गॅप म्हणजे काय ते थोडक्यात. समजा २४,००० पाऊंडची गाडी घेतली, दोन वर्षांनी चोरीला गेली, मेन इन्शुरन्सवाला त्या दिवशीच्या बाजारभावाने १५,००० देतो पण फायनान्सवाल्याचे अजून १८,००० बाकी आहेत, तर मधले ३,००० तुमच्या खिशातून जाणार. हा फरक गॅपवाला भरतो, काही पॉलिसी तर मूळ बिलाच्या रकमेपर्यंत भरतात. भारतात रिटर्न टू इनव्हॉइस घेतलेलं असेल तर हे ओळखीचं वाटेल पण एक मोठा फरक आहे, तिकडे ते तुमच्याच मोटर पॉलिसीला जोडलेलं असतं, कंपनी तीच आणि ती आयआरडीएआयकडे नोंदलेली. यूकेत गॅप ही वेगळी पॉलिसी, वेगळी कंपनी, वेगळा क्लेम. मेन इन्शुरन्स नावाजलेल्या कंपनीचा आहे म्हणून गॅपही तसाच असेल असं अजिबात धरू नका.

मुळात हवंय का तेही बघा. बऱ्याच कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत नवी कोरी गाडी पहिल्या वर्षात टोटल लॉस झाली (म्हणजे चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली) तर नवीच गाडी मिळते, तसं असेल तर पहिल्या वर्षी गॅपचा फारसा उपयोग नाही. डिपॉझिट मोठं भरलं असेल तर फरकही कमी पडतो. आणि किंमत. डीलरकडून गाडीबरोबर घेतलेल्या अशा इन्शुरन्सवर इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स २० टक्के लागतो, तेच गाडीच्या विक्रीशी संबंध नसलेल्या स्वतंत्र विक्रेत्याकडून घेतलं तर १२ टक्के. त्यात डीलरचं कमिशन. २०२४ च्या फेब्रुवारीत एफसीएने, म्हणजे यूकेतल्या इन्शुरन्स विक्रीवर देखरेख करणाऱ्या रेग्युलेटरने, सांगितलं होतं की गॅपच्या प्रीमियमपैकी फक्त ६ टक्के पैसे क्लेममधून लोकांना परत जातायत आणि काही कंपन्या प्रीमियमच्या ७० टक्क्यांपर्यंत कमिशन वाटतायत, त्या वेळी बऱ्याच कंपन्यांना विक्री थांबवावी लागली, नंतर सुधारणा करून काहींनी परत सुरू केली. म्हणून माझं स्पष्ट मत, शोरूममध्ये बसून गॅप घेऊ नका, घरी या आणि मग तुलना करून ठरवा.

आणि घरी यायला नियम तुमच्या बाजूचा आहे. सप्टेंबर २०१५ पासून डीलरला गॅपची माहिती देऊन त्याच दिवशी ती विकता येत नाही, मधे पूर्ण दोन दिवस जावे लागतात. शनिवारी कागद दिले तर तो मंगळवारी विकू शकतो. तुम्ही स्वतःहून मागितलं तर दुसऱ्या दिवशी घेता येतं, पण ते तुम्ही मागायचं, त्याने तुमच्याकडून वदवून घ्यायचं नाही. "आजच घेतलं तर हा रेट" असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या हातातल्या ब्रोशरवर जे नाव मोठ्या अक्षरात असतं ते बहुतेक वेळा ब्रँडचं असतं. डीलर विकतो, त्याच्यामागे ब्रोकर, ब्रोकरमागे पॉलिसी तयार करणारी आणि क्लेम हाताळणारी एजन्सी, आणि सगळ्यात मागे अंडररायटर, म्हणजे ज्याच्या तिजोरीतून पैसे येणार तो. बाकीचे सगळे यूकेतले असतील, नीट नोंदणी असलेले असतील, फोनवर गोड बोलतील, पण अंडररायटर जिब्राल्टर, माल्टा, गर्न्झी, आइल ऑफ मॅन असा कुठलाही असू शकतो. बाहेरचा आहे म्हणजे लबाड आहे असं नाही हं, जिब्राल्टरच्या कंपन्या यूकेत बरीच वर्षं कायदेशीरपणे गाड्यांचा इन्शुरन्स देतायत. प्रश्न एवढाच की ती बुडाली तर तुमच्यामागे कोण उभं राहणार.

हे नुसतं भीती घालायला म्हणत नाहीये. जिब्राल्टरची एंटरप्राइझ इन्शुरन्स २०१६ च्या जुलैमध्ये बुडाली आणि यूकेतल्या गाडीवाल्यांना अचानक नवी पॉलिसी शोधावी लागली. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या दोन कंपन्या गेल्या, मे महिन्यात अल्फा आणि वर्षाच्या शेवटी क्यूडॉस, दोघींचे ग्राहक यूकेत होते. पण सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण आयर्लंडचं आहे. सेटान्टा नावाची कंपनी नोंदलेली माल्टात आणि गिऱ्हाइकं सगळी आयर्लंडमध्ये, सुमारे ७५,००० पॉलिसीधारक. एप्रिल २०१४ मध्ये ती लिक्विडेशनमध्ये गेली. देखरेख करणारा रेग्युलेटर माल्टात, गाड्या डब्लिन-कॉर्कच्या रस्त्यावर, आणि क्लेमचे पैसे कोणी द्यायचे यावरच वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की विमा नसलेल्या गाड्यांच्या अपघातांची भरपाई देणारी तिथली संस्था जबाबदार नाही, मग सरकारी कॉम्पेन्सेशन फंडावर भार आला आणि त्या फंडाची मर्यादा तेव्हा क्लेमच्या ६५ टक्के किंवा ८,२५,००० युरो यातली जी कमी असेल ती. २०१८ मध्ये कायदा बदलून थर्ड पार्टी क्लेमवाल्यांना पूर्ण भरपाई द्यायची सोय झाली, पण तोपर्यंत चार वर्षं लोक लटकलेले. आणि हे मेन मोटर इन्शुरन्सचं, जो कायद्याने सक्तीचा आहे. अ‍ॅडऑनसाठी एवढं कोण भांडणार.

यूकेत हे संरक्षण एफएससीएसकडून मिळतं, म्हणजे कंपनी बुडाल्यावर ग्राहकांना भरपाई देणाऱ्या योजनेकडून. कंपनी बुडाली आणि ती त्यांच्या कक्षेत असेल तर सक्तीच्या इन्शुरन्सचे म्हणजे थर्ड पार्टीचे १०० टक्के मिळतात, गॅप, टायर, एक्सेस असल्या ऐच्छिक गोष्टींचे ९० टक्के, वर रकमेची मर्यादा नाही. न वापरलेल्या प्रीमियमचंही तसंच. पण 'कक्षेत असेल तर' हे शब्द महत्त्वाचे. पूर्वी युरोपियन युनियनमधली कंपनी तिकडच्याच परवान्यावर इकडे विकू शकत होती, 'पासपोर्टिंग' म्हणतात ती सोय २०२० च्या शेवटी संपली, जिब्राल्टरसाठी वेगळी व्यवस्था चालू राहिली. गर्न्झी आणि आइल ऑफ मॅनला पाऊंड चालतो, तिथे जायला व्हिसाचीही फार कटकट वाटत नाही, म्हणून ते यूकेच असं लोकांना वाटतं, पण त्यांचे रेग्युलेटर वेगळे आहेत, तिथल्या कंपनीला एफएससीएस आपोआप लागू असेल असं गृहीत धरू नका. आणि नुसती वॉरंटी असेल तर अजून एक फाटा, काही वॉरंट्या इन्शुरन्स नसतातच, डीलरने किंवा वॉरंटी कंपनीने दिलेलं ते वचन असतं, ती बुडाली की एफएससीएसचा संबंधच येत नाही. म्हणून 'ही इन्शुरन्स पॉलिसी आहे का' हा पहिला प्रश्न.

मग शोधायचं कसं. पॉलिसीसोबत आयपिड नावाचा दोन पानी कागद द्यावाच लागतो. त्याच्या अगदी वरच्या भागात कंपनीचं नाव, ती कुठे नोंदलेली आणि कोणाच्या देखरेखीखाली हे लिहिलेलं असतं, लोक ते सोडून खाली टिक आणि फुल्या वाचतात. नाव मिळालं की एफसीएच्या वेबसाइटवरच्या रजिस्टरमध्ये त्याचा फर्म रेफरन्स नंबर टाकून बघा. स्टेटस चालू आहे का, कुठलं काम करायची परवानगी आहे, ग्राहक संरक्षणाच्या भागात एफएससीएस आणि ओम्बड्समनबद्दल (म्हणजे ग्राहक आणि कंपनीमधल्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेबद्दल) काय लिहिलंय. डीलरचं आणि ब्रोकरचं नाव पण तपासा, पण त्यांचं नाव सापडलं म्हणून थांबू नका, अंडररायटरचं सापडायलाच पाहिजे. अजून एक, खऱ्या कंपनीचं नाव आणि नंबर चोरून स्वतःचा फोन नंबर देणारे नकली लोक असतात, म्हणून फोन करायचा तर रजिस्टरमधल्या नंबरवर करा, ईमेलमध्ये आलेल्या नाही.

त्यानंतर विक्रेत्याला एक ईमेल टाका, साध्या भाषेत. माझ्या पॉलिसीचा अंडररायटर कोण, तो कुठल्या देशात अधिकृत आहे, तो बुडाला तर माझ्या क्लेमला एफएससीएस लागू आहे का, आणि तक्रार यूकेच्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे नेता येईल का, विक्रीबद्दलची आणि क्लेमबद्दलची दोन्ही. हा शेवटचा भाग नीट विचारा कारण विकणारा यूकेत असला तर त्याने कसं विकलं याची तक्रार ओम्बड्समनकडे जाऊ शकते, पण बाहेरच्या अंडररायटरने क्लेम नाकारला तर ती तक्रार तिकडच्या देशाच्या व्यवस्थेकडे ढकलली जायची शक्यता असते. उत्तर लेखी घ्या. फोनवर "हो हो सगळं कव्हर्ड आहे" याला काही किंमत नाही. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर पॉलिसी घेऊ नका, बाजारात दुसऱ्या आहेत.

पैसे भरताना प्रीमियम १०० पाऊंडच्या वर असेल तर क्रेडिट कार्ड वापरा, कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या कलम ७५ मुळे कार्ड कंपनीवरही जबाबदारी येऊ शकते. मधे ब्रोकर असेल तर हा हक्क कधी कधी अडतो, तरी डेबिट कार्डापेक्षा बरं. फायनान्समध्ये मिसळून मात्र घेऊ नका, मग गॅपच्या प्रीमियमवरही चार वर्षं व्याज भरत बसाल.

फॉर्म भरताना खरं लिहा, विशेषतः गाडी डिलिव्हरीसाठी किंवा टॅक्सीसाठी वापरणार असाल तर. गॅपवाला पैसे तेव्हाच देतो जेव्हा मेन इन्शुरन्सवाला टोटल लॉस मान्य करून पैसे देतो. आपल्याकडचं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, ते संपूनही तुम्ही चालवत राहिलात आणि मेन क्लेम अडकला तर गॅपही गेला. आणि क्लेमची वेळ आलीच तर मेन इन्शुरन्सवाल्याची पहिली ऑफर लगेच स्वीकारू नका, आधी गॅपवाल्याला कळवा, बऱ्याच पॉलिसीत तशी अटच असते.

आधीच घेऊन बसला असाल तर पॉलिसी सुरू झाल्यापासून किंवा कागद मिळाल्यापासून, जे नंतर असेल तिथून, साधारण १४ दिवसांत रद्द करता येते, काही ठिकाणी ३० दिवस देतात. नंतरही गाडी विकली किंवा फायनान्स लवकर फेडलं तर उरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात का ते पॉलिसीत बघा, लोक हे विसरतात आणि पैसे तसेच जातात. क्लेमवरून भांडण झालं तर आधी लेखी तक्रार, कंपनीला ८ आठवडे, मग अंतिम उत्तर आल्यापासून ६ महिन्यांच्या आत ओम्बड्समन, त्याला फी नाही. कंपनीच बुडाल्याची बातमी आली तर पॉलिसीचा कागद, पैसे भरल्याची पावती आणि तो वर सांगितलेला ईमेल घेऊन सरळ एफएससीएसच्या वेबसाइटवर जा, तेही फुकट आहे, टक्केवारी मागणाऱ्या क्लेमवाल्या एजंटांना मधे घ्यायची गरज नाही.