इंग्लिश सरदाराची सत्ता कशी अभ्यासावी

मध्ययुगीन इंग्लंडमधील सरदारावर टिपण लिहिताना लढायांपासून आरंभ करू नये. कागल, बावडा, विशाळगडच्या जहागिरींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराने आधी ओळखीचाच प्रश्न विचारावा : जमीन आली कुठून? उदाहरणासाठी वॉरिकचा अर्ल (वरच्या दर्जाचा सरदार) रिचर्ड नेव्हिल (१४२८–१४७१) घ्यावा. वहीत त्याची वंशावळ काढून पत्नी अ‍ॅन बोशँपच्या नावाखाली ठळक रेघ ओढावी, कारण १४४९ मध्ये वॉरिकची पदवी आणि विस्तीर्ण मालमत्ता त्याला तिच्याच हक्काने मिळाली.

पुढच्या पानावर माणसे लिहावीत. त्याचे पगारी अनुयायी लाल अंगरख्यावर खडबडीत सोट्याचे चिन्ह मिरवत. शिवाय १४५६ पासून फ्रान्सच्या किनाऱ्यावरील, इंग्रजांच्या ताब्यातील कॅले बंदराची ठाणेदारी, म्हणजे कायम फौज, त्याच्या हाती होती. ही नोंद सुटली, तर १४६१ मध्ये चौथ्या एडवर्डला गादीवर बसवण्यात आणि १४७० मध्ये त्यालाच हटवून सहाव्या हेन्रीला परत आणण्यात त्याला बळ कुठून मिळाले, हे उलगडत नाही.

‘जहागीरदार’ हा शब्द मात्र जपून वापरावा (माझ्या पहिल्या टिपणात तो जागोजागी होता, सारा खोडावा लागला), कारण ज्या परगण्याच्या नावाने पदवी, त्याचा अर्ल मालक असेच असे नाही.

१४ एप्रिल १४७१ रोजी बार्नेटच्या लढाईत तो पडला, याला एक ओळ पुरते. जागा राखावी ती नंतरच्या वाटणीसाठी : १४७४ मध्ये पार्लमेंटने त्याच्या हयात विधवेला मृत समजून तिची मालमत्ता दोन जावयांमध्ये, म्हणजे पुन्हा राजा झालेल्या चौथ्या एडवर्डच्या सख्ख्या भावांमध्ये, वाटून दिली.